पक्षी ओढ्यावरच होते

प्रिय गुंडू,

तुझा मेसेज मिळाला. 'बेंगळूरला जाऊन मोठा साहेब झालास काय बे, सख्ख्या भावाचा फोन पण उचलीनास' हे मी सोनमला वाचून दाखवलं, तर तुझी वहिनी पोट धरधरून हसली. मोठ्या भावाला बे म्हणतोस होय रे? गावात असतो तर आईसमोर पाठीत धपाटा घातला असता. पण राग कशाचा आहे ते मला ठाऊक आहे. आमच्या कारखान्याच्या प्रेस शॉपमध्ये एक जागा निघाली आहे, कंपनीत जुन्या माणसाला आपल्या 'घरचं नाव' द्यायची मुभा असते, आणि या वेळी ते नाव तुझं असणार हे हंबीरराव मामानं अख्ख्या खानापूरच्या बाजारात सांगून टाकलंय. त्या भरवशावर नंदगडच्या महानंदाच्या वडिलांनी लग्नाला मान हलवली. पोराला बेंगळूरची पर्मनंट नोकरी, आणखी काय पाहिजे! आणि इकडं दादा फोनच घेत नाही. नाव दिलं की नाही, एवढंच तुला हवंय. सांगतो की. पण आधी बाकीचं सगळं वाच. शेवटचं पान उलटून आधी बघायची तुझी खोड मला माहीत आहे, या खेपेला तेवढं करू नकोस. आणि पक्ष्यांचं सांगणार आहे, हसायचं असेल तर आत्ताच हसून घे.

तर होय, दर रविवारी सकाळी मी पक्षी बघायला जातो. मामा म्हणतो तसं डोकं फिरलेलं नाही माझं. जे. पी. नगरच्या पुढं एक मोठं उद्यान आहे, आमच्या खोलीपासून सायकलवर जाण्याइतकं. त्यातून एक ओढा जातो. आपल्याकडच्या ओढ्यासारखं पाणी नाही, वरच्या वस्त्यांतून काय काय वाहून येतं आणि उन्हाळ्यात नाक दाबून चालावं लागतं. पण काठाला करंज आहेत, उंबर आहेत, बांबूची बेटं आहेत, आणि त्यांच्यातून लाल मातीची पायवाट. पहिल्यांदा गेलो तो आर्याला झोके खेळवायला. तुझी पुतणी झोक्यावर आणि मी फोनवर मामाशी बोलतोय, तर बांबूमागनं एक म्हातारी बाई दुर्बीण घेऊन तरातरा आली आणि कानडीत मला झाडलं की अहो, स्वल्प हळू बोला, तुमच्या आवाजानं माझं पाखरू उडालं! मी फोनवर मराठी बोलत होतो हे तिनं ऐकलं होतंच. मग लगेच मराठीत सुरू. काय मराठी गुंडू! बसवनगुडीत तिच्या घराण्याच्या पिढ्यांवर पिढ्या गेल्या, शिवाजी महाराजांच्या वडिलांच्या काळात आलेली माणसं म्हणे. अर्धे शब्द कानडी आणि उरलेले आपण कधी ऐकले नाहीत इतके जुने. मी हसलो तर म्हणाली, तुझं मराठी ऐकून मला पण हसू येतंय, सरी, बरं, फिट्टंफाट झाली, आता दुर्बीण धर. त्या अनुसूया अक्का. शाळेत गणित शिकवायच्या, आता निवृत्त. त्यांच्या मागं दर रविवारी दहाबारा माणसं पक्षी बघत फिरतात, त्यात मी घुसलो तो घुसलोच.

खरं सांगू? मला फार बरं वाटलं. आठवडाभर डायचा साचा आणि पत्रा, पत्रा आणि डाय. तिथं मी लाईन लीडर असलो तरी कुणी विचारत नाही की चंदन, तुला काय वाटतं. इथं डॉक्टर, इंजिनिअर, कॉलेजच्या पोरी, सगळे मला विचारायचे. कारण डोळा आपला गावचा ना! मलप्रभेकाठी गुरं राखताना आपण जे बघितलं ते या लोकांनी पुस्तकात बघितलेलं. नावं तेवढी मला येत नव्हती, ती अक्कांनी शिकवली. ज्याला आपण नुसतं 'बारकं पाखरू' म्हणून दगड मारायचो त्याला फुलटोच्या म्हणतात, अंगठ्याएवढं असतं, आणि बांडगुळाची फळं खातं. डोळ्याभोवती पांढरं कडं असतं तो चष्मेवाला. पाण्यावरनं निळी रेघ ओढल्यागत जातो तो छोटा खंड्या, तो तर तुला माहीतच आहे. या मंडळींची एक पद्धत आहे. उद्यानाचे भाग पाडलेत आणि प्रत्येकाला एक पट्टा दिलाय. ज्याचा पट्टा त्यानं वर्षभर तोच चालायचा, तिथं काय आहे, काय नाही हे त्यानंच सांगायचं, आणि त्याचं म्हणणं बाकीच्यांनी मानायचं. ओढ्याचा पट्टा सगळ्यांना हवा होता. अक्कांनी तो मला दिला. त्या दिवशी मी सोनमला मसाला डोसा खायला नेलं, तिला वाटलं पगार वाढला.

आता यंदाची गोष्ट. पाऊस संपला आणि उद्यानवाल्यांनी ओढ्याच्या वरच्या अंगाला दगडी बांध घालायचं काम काढलं. काठ ढासळू नये म्हणून. आणि त्याच सुमाराला माझ्या पट्ट्यातनं बारके पक्षी नाहीसे झाले. फुलटोच्या नाही, चष्मेवाला नाही, खंड्याही क्वचित. भारद्वाज हूं हूं करतोय, तांबट टुक टुक करतोय, कोकीळ आहे, पण बारकं काही नाही. आपल्याला राग यायला किती वेळ लागतो! मी रविवारी सगळ्यांपुढं सांगितलं की या बांधानं पक्षी पळवले. माझा पट्टा, माझा शब्द, कुणी शंका घेतली नाही. मी अर्ज लिहिला, सगळ्यांनी सह्या केल्या, फक्त अक्कांनी सही करताना पेन जरा वेळ हातात धरून ठेवलं. मग मी उद्यानाच्या ऑफिसात जाऊन टेबलावर हात आपटून त्या बिचाऱ्या साहेबावर असा काही ओरडलो की त्यानं काम थांबवलं. मला वाटलं, वा रे चंदन, जिंकलास.

पुढच्या रविवारी अक्का म्हणाल्या, मी तुझ्याबरोबर येते, तुझा पट्टा मला दाखव. आम्ही पाचसहा जण निघालो. मी पुढं, आणि मागं वळून त्यांना सांगतोय की हे बघा, इथं बांडगूळ आहे, एरवी इथं फुलटोच्या असायचाच, आता बघा, काही आहे का? आणि मी बोलतोय तोवर, गुंडू, त्या सगळ्यांच्या माना एकदम ओढ्याकडं वळल्या. सगळ्यांच्या, एकाच वेळी. कुणी त्यांना काही दाखवलं नव्हतं. मी पण बघितलं, तर ओढ्यातल्या एका काठीवर खंड्या येऊन बसलेला. तो येताना बारीक शीळ घालत येतो, ती ऐकून माणूस मान वळवतो. हे मीच नव्या लोकांना शिकवायचो. बारका पक्षी आधी ऐकू येतो, मग दिसतो.

अक्कांनी बाकीच्यांना पुढं जायला सांगितलं आणि मला त्या बांडगुळाखाली उभं केलं. विचारलं, काय काय ऐकू येतंय ते सांग. मी सांगितलं, भारद्वाज, तांबट, रस्त्यावरच्या गाड्या. आणखी? आणखी काही नाही. तेव्हा त्यांनी एक बोट वर केलं. मग खाली घेतलं. परत वर केलं. मला आधी कळेना की या काय करताहेत. मग लक्षात आलं. आमच्या डोक्यावर फुलटोच्या ओरडत होता, आणि तो ओरडला की त्या बोट वर करत होत्या. बोट वर, बोट खाली, बोट वर. किती वेळ चाललं होतं ते! मी दुर्बीण लावली तर पानाआड दिसला सुद्धा, चोच उघडत होता आणि मिटत होता. मला काहीच ऐकू येत नव्हतं. अक्कांनी एवढंच विचारलं, चंदन, तू काम कुठं करतोस?

मला इतका राग आला म्हणून सांगू! म्हातारीला काय कळतंय, असं म्हणत सायकल हाणत घरी आलो. सोनमला सगळं सांगितलं, म्हटलं ती पण चिडेल. तर ती म्हणाली, तुम्हाला आत्ता कळलं होय? गेली दोन वर्षं ती मला प्रत्येक गोष्ट दोनदा सांगते. स्वयंपाकघरातनं हाक मारायचं तिनं सोडून दिलंय, बाहेर येऊन समोर उभी राहते आणि मग बोलते. मी म्हणायचो, ही पुटपुटते. टीव्हीचा आवाज मी वाढवतो, ती कमी करते, त्यावरनं आमची भांडणं. आणि आर्या. गुंडू, मला वाटायचं पोरीला बापाचा लळा आहे म्हणून ती सारखी येऊन माझ्या दंडाला हात लावते. लळा नव्हे रे. तिला कळलंय की नुसतं 'बाबा' म्हटलं तर बाबा बघत नाही. एवढीशी पोर ती, तिनं आपलं आपणच ठरवलं की आधी हात लावायचा. त्या दुपारी मी संडासात जाऊन रडलो. हे मामाला सांगू नकोस.

सोनमनंच तपासणीला नेलं. काचेच्या खोलीत बसवतात, कानावर घट्ट बसणारा फोन घालतात, आवाज आला की हातातलं बटण दाबायचं. जाड आवाज आले, पटापट बटण दाबलं. मग काही येईना. मी बटणावर अंगठा ठेवून पुढच्या आवाजाची वाट बघत बसलो. म्हटलं, तपासणारी बाई विसरली वाटतं. काचेबाहेरनं ती मला हात हलवून सांगत होती की झालं, संपलं, बाहेर या. सगळे आवाज वाजून गेले होते. डॉक्टर भला माणूस होता. म्हणाला, बारीक आवाज आधी जातात, पक्ष्यांचे, पोरांचे, बायकांचे, आणि शब्दांतले स आणि च. गेलेलं परत येत नाही. उरलंय ते टिकवता येईल, पण मशीनपाशी कान झाकल्याशिवाय एक मिनिट उभं राहायचं नाही. कानाला ऐकायचं यंत्र लावायचं ठरलंय, पुढच्या महिन्यात येईल.

तुला प्रेस शॉप म्हणजे काय ते मामानं सांगितलेलं नाही, म्हणून मी सांगतो. एक एक मशीन पत्र्यावर आदळतं तेव्हा जमीन हलते, आणि अशा मशीनींची रांग दिवसरात्र चालू. तिथं कुणी बोलत नाही, ओठ बघून आणि हातवारे करून कामं चालतात. कानात घालायचे बोळे कंपनी देते, दोरीला बांधलेले. ते आम्ही गळ्यात घालतो. त्याला शॉपमध्ये 'ताळी' म्हणतात, कानडीत मंगळसूत्र. साहेब फेरीवर आला की ताळी कानात, साहेब गेला की परत गळ्यात. कानात घालून काम करतो त्याला नवी नवरी म्हणून चिडवतात. आणि जुनी माणसं नव्याला समजावतात की सुरुवातीचे दोनतीन महिने त्रास होतो, मग कान बसतो, आवाज लागत नाही. मलाही हेच सांगितलं होतं आणि मीही पुढं कितीजणांना सांगितलं. कान बसला म्हणजे तयार झाला, असं आम्ही समजायचो. गेला म्हणून लागत नव्हता रे आवाज! मामाचंच बघ. अख्खी गल्ली त्याचा टीव्ही ऐकते, तो पारावर बोलायला लागला की कुत्री उठून जातात, आणि आपण हसतो की बेंगळूरचा गडी आहे, आवाज भारी आहे. तो याच शॉपमधनं रिटायर झालाय. त्यानंच मला तिथं लावलं, चांगल्या मनानं लावलं. त्याला आजही माहीत नाही की त्याचं काय गेलंय.

पुढच्या रविवारी मी सगळ्यांपुढं उभा राहिलो आणि सांगितलं की पक्षी कुठं गेलेले नाहीत, ओढ्यावरच आहेत, माझे कान गेलेत. फार जड गेलं. मग ऑफिसात जाऊन त्या साहेबाला पण सांगितलं, अर्ज मागं घेतला. त्याला वाटलं आता हा कशावरनं ओरडायला आलाय, पाण्याचा ग्लास आधीच पुढं सरकवला. ओढ्याचा पट्टा मी अक्कांना परत करायला निघालो होतो. तर त्या माझ्यावर अशा खवळल्या! म्हणाल्या, अय्यो, डोळे आहेत ना शाबूत? पट्टा तुझाच. आता माझ्याबरोबर एकजण चालतो आणि बारकं काही ओरडलं की बोट दाखवतो, तिकडं बघून पक्षी शोधायचं काम माझं. बहुतेक वेळा सगळ्यांच्या आधी मलाच दिसतो. सोडणार नाही मी पट्टा, सांगून ठेवतो.

शॉपमध्ये मी आता कान पूर्ण झाकणारं मोठं इअरमफ घालतो. पहिल्या दिवशी काय हसले लोक! हसा म्हटलं. माझ्या लाईनवर नियम केलाय, कान झाकल्याशिवाय मशीन सुरू करायचं नाही. दोघंतिघं कुरकुरले, एक जण माझ्याशी बोलायचा बंद झाला. बंद झाला तर झाला, मला तसंही फारसं ऐकू येत नाही. मॅनेजरकडं लेखी मागणी दिलीय की शॉपमधल्या प्रत्येकाच्या कानाची तपासणी करा. तो म्हणाला बघू. मी म्हटलं, बघा, मी दर सोमवारी विचारायला येईन. आणि दर सोमवारी जातोय. लीडरपद काढतील असं सगळे म्हणतात. काढू देत. मी तिथून हलत नाही. माझे कान गेलेच आहेत, आता निदान माझ्या तोंडाचा तरी कुणाला उपयोग होऊ दे.

तर आता तुझं. परवा शनिवारी मॅनेजरनं मला बोलावून घरचं नाव विचारलं. मी सांगितलं, आमच्या घरून नाव नाही. होय, तुझं नाव मी दिलेलं नाही, आणि विसरलो म्हणून नव्हे, पुढंही देणार नाही. त्या जागेवर आता दुसऱ्या कुणाचा तरी भाऊ लागेल. त्याच्या डोक्यावर पहिल्या दिवशी मी स्वतः इअरमफ चढवीन, पण माझा भाऊ मी त्या मशीनपुढं उभा करणार नाही. तुझं लग्न माझ्यामुळं अडतंय हे मला कळतं, म्हणून येता रविवार पक्ष्यांचा नाही. सोनम, आर्या आणि मी नंदगडला येतोय. महानंदाच्या वडिलांपुढं मी बसतो आणि माझ्या कानाचा कागद त्यांच्या हातात देतो. तुझा मोटारपंप दुरुस्तीचा धंदा काय आहे आणि काय होऊ शकतो हे मी त्यांना समजावून सांगेन. आणि सोनम म्हणते, महानंदाशी ती बोलेल. नवरा समोर बसलेला असताना त्याला तीच तीच गोष्ट पुन्हा सांगायची म्हणजे काय असतं हे त्या पोरीला लग्नाआधी कळलेलं बरं. तरीही त्यांनी नाही म्हटलं तर माझ्यावर आयुष्यभर राग धर, मी तो सोसेन. मामा ओरडेल, त्याला ओरडू दे. तू मात्र चिडून फोन करू नकोस. फोन मी उचलत नव्हतो, गुंडू, कारण महिनोन् महिने मला त्यात तुझा नुसता आवाज येतो, शब्द येत नाहीत, आणि हे तुला सांगायची माझी छाती होत नव्हती. शिव्या द्यायच्याच असतील तर कागदावर लिहून पाठव. एकही चुकवणार नाही, सगळ्या वाचीन.

तुझाच,
चंदनदादा